रबराचं वय

पहिल्यांदा गाडी बघायला गेले, बोनेटवर हात ठेवला, तर ते गरम. आम्ही पोचायच्या आधीच मालकांनी ती चालू करून एक चक्कर मारून आणली होती. त्यांच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटलं नाही. पाहुणे यायचे म्हणून आपण घर आवरतो, तसंच. पण रात्रभर थंड पडलेलं डिझेल इंजिन पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत जे सांगतं, ते मग दिवसभर सांगत नाही. मी म्हटलं, "काका, उद्या सकाळी परत येते. तोवर चावी लावू नका, एवढंच करा." त्यांनी मान डोलावली, आणि शब्द पाळला.

बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या छोट्या गाडीतून तासाभराचा प्रवासही त्यांना सोसवेना. खड्डा दिसला की ते दोन्ही हात सीटवर टेकून स्वतःला उचलून धरायचे. एकदा ओळखीच्या एकांच्या मोठ्या, एअर सस्पेन्शनच्या गाडीतून ते तीन तास बसून आले आणि कुणाचा हात न धरता उतरले. ते बघितलं आणि त्याच दिवशी माझं ठरलं. नवी घेणं शक्य नव्हतं. मला परवडणारी म्हणजे जुनी, आणि बरंच रनिंग झालेली.

ही ११ वर्षांची होती. २,३८,००० किलोमीटर. ३.० लिटरचं व्ही-६ डिझेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद, चारही कोपऱ्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, वर सनरूफ. ज्याला सांगावं तो किलोमीटरचा आकडा ऐकून गप्प व्हायचा. मीही त्याच आकड्याला घाबरले होते. आज दोन वर्षांनी, गाडीखाली बरेच रविवार काढल्यावर, मला वाटतं की भ्यायला हवं होतं ते ११ या आकड्याला. किलोमीटर धातू झिजवतात, आणि वेळेवर तेल मिळालेला धातू फार सावकाश झिजतो. वर्षं मात्र रबर खातात, आणि गाडी दारात उभी असली तरी खातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेट गार होतं. चालू करायच्या आधी मी मेजर टेप काढली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजली. तीन कोपरे जवळपास सारखे, पुढचा डावा ४० मिलिमीटर खाली. काका म्हणाले, "चालू केली की येते वर." चालू केली. इंजिन एका दमात लागलं, इंजिनाच्या आतल्या टायमिंग साखळीचा खडखडाट नाही, निळा धूर नाही. पिशव्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरला आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात कोपरा वर आला. वर आला हे खरं, पण रात्री खाली गेला होता हेही खरंच होतं, आणि भाव त्या दुसऱ्या गोष्टीवर ठरला.

बाकीची तपासणी पटपट सांगते. स्कॅनर लावून साठलेले दोष बघितले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते बघितलं. कुणी आदल्या दिवशी दोषांचे कोड पुसले असतील तर या चाचण्या "अपूर्ण" दिसतात. डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि इतर कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेले किलोमीटर जुळले. स्टीअरिंगचं चामडं, ब्रेकच्या पायट्याचं रबर आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड यांची झीजही त्या आकड्याला शोभणारी होती. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. मागच्या एका दारावर ३०० च्या आसपास आलं, म्हणजे ते पुन्हा रंगवलेलं होतं. पण पत्र्यावर पुट्टीचा थर असता तर आकडा याच्या कितीतरी वर गेला असता.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या टायरवर ३४१९, म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. मागच्यांवर १११५. मागच्यांची नक्षी बरीच शिल्लक होती, पण कडेला बारीक भेगा होत्या. शिवाय पुढच्या आणि मागच्या नक्षीच्या खोलीत चांगला तीन मिलिमीटरचा फरक. सतत चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा फरक म्हणजे वेगवेगळ्या घेराची चाकं, आणि तो फरक प्रत्येक फेऱ्याला ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, सोसत राहते. चार टायर एकदम बदलायचे हे मी तिथेच लिहून घेतलं.

एक गोष्ट बघायची राहिली. पायाखालची मॅट उचलून कार्पेट दाबून बघायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि त्याची मोठी किंमत पुढे मोजली.

खरेदीच्या रकमेच्या एक तृतीयांश एवढे पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले होते. पहिल्या वर्षातच ते संपले. ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांना मी हेच सांगते की ही रक्कम हातात नसेल तर गाडी घेऊ नका. जुनी झाली म्हणून गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही.

सुरुवात त्या खाली बसणाऱ्या कोपऱ्यापासून केली. पहिल्या गॅरेजमध्ये म्हणाले, कॉम्प्रेसर थकलाय, बदला. बदलला. महिनाभरात सकाळी कोपरा पुन्हा खाली. मग मी स्वतः गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर नेली, स्प्रेच्या बाटलीत भांड्यांच्या साबणाचं पाणी घेतलं आणि पुढच्या डाव्या पिशवीवर मारलं. पिशवीचं रबर जिथे स्वतःवर दुमडतं, त्या घडीत बारीक फेस उगवला. गाडी नेहमीच्या उंचीवर असताना ती घडी आत लपलेली असते, म्हणून नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हवा गळते म्हणून कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, जास्त चालतो म्हणून तापतो, तापला की झिजतो, आणि त्याला चालू-बंद करणारा रिलेही कधीकधी चिकटून बसतो. कॉम्प्रेसर थकला होता यात शंका नाही. त्याला थकवणारी भेग मात्र आम्ही तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर तिच्या तोंडी दिला होता.

पुढच्या दोन्ही पिशव्या बदलल्या, कारण दुसरीचं वयही तेवढंच. हे काम आता ज्यांच्याकडे गाडी नेते त्या मिस्त्रींकडे केलं. ते कमी बोलतात. त्या दिवशी दोनच सूचना दिल्या. पहिली, गाडी हवेवर उभी असताना तिच्याखाली डोकं घालायचं नाही, आधी पक्के स्टँड लावायचे. दुसरी, "नव्या पिशवीत हवा भरल्याशिवाय चाक जमिनीला टेकवायचं नाही." रिकाम्या पिशवीवर वजन आलं तर रबराची घडी चुकीची पडते आणि नवी पिशवी पहिल्याच दिवशी जखमी होते.

नंतर बॅटरी. दोन दिवस गाडी उभी राहिली की इंजिन कण्हत लागायचं. बॅटरी तपासून घेतली, ती ठणठणीत. म्हणजे झोपेत कुणीतरी वीज पीत होतं. हे शोधायला चिकाटी लागते. या गाड्यांतली कंट्रोल युनिट बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत, अर्धा-पाऊण तास घेतात, आणि तुम्ही दार उघडलंत की सगळी पुन्हा जागी होतात. म्हणून दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बंद करायचं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं, आणि मग थांबायचं. मी पुस्तक घेऊन अंगणात बसले होते. निजलेल्या गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत वीज घ्यायला हवी. माझी ४०० घेत होती. फ्यूज उपटले तर युनिट परत जागी होतात, त्यामुळे प्रत्येक फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक मोजत गेले. ज्यातून वीज वाहत नाही तिथे शून्य. एका फ्यूजवर आकडा दिसला. त्याची वायर पुढच्या सीटखालच्या युनिटकडे जात होती.

सीट काढायच्या आधी बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबले, कारण सीटमध्ये एअरबॅगच्या वायरी असतात. कार्पेट उचललं आणि हात ओला झाला. वरून कोरडं, खालच्या जाड फोममध्ये पाणी. युनिटच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

पाणी सनरूफमधून आलं होतं. सनरूफ पूर्ण जलरोधक नसतोच, ही गोष्ट मला तेव्हा कळली. त्याच्या चौकटीत थोडं पाणी शिरणार हे धरूनच तिथे पन्हळ केलेली असते, आणि चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. पुढच्या एका नळीचं खालचं रबरी तोंड कडक होऊन मिटलं होतं आणि त्यात माती बसली होती. पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून ते आत उतरलं. तोंड उकळत्या पाण्यात टाकून बघितलं, तरी मऊ पडलं नाही, बोटांनी वाकवताच तुटलं. नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी वापरली, टोक गोल करून, हळूहळू सरकवत. दाबाची हवा मारायचा मोह होतो, पण त्याने नळी वरच्या जोडातून निसटली तर पाणी खांबाच्या आत कुठे जातंय ते कळतही नाही आणि छताचं अस्तर उतरवावं लागतं. फोम वाळायला पंखा लावून नऊ दिवस लागले. कनेक्टर नवा घातला, युनिट सुदैवाने वाचलं. झोपेतली वीज ३० मिलिअँपिअरवर आली.

आता तेलाच्या गळतीबद्दल, कारण या सगळ्यात मला तिने सर्वांत जास्त शिकवलं.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, बरोबर त्या खाली तेलाचे थेंब जमायला लागले. एका ठिकाणी दाखवली. खालून बघून त्यांनी लगेच निदान केलं की क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. थेंब तिथून पडत होते म्हणजे निदान बरोबरच वाटत होतं. मी हो म्हणायच्या बेतात होते. पण मिस्त्रींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तेल खाली वाहतं. थेंब पडतो तिथे बघू नका, वर कुठे ओलं आहे ते बघा. आधी धुऊन घ्या."

इंजिन मागून आणि खालून स्वच्छ केलं. तेलात चमकणारा रंग घातला आणि मी गाडी २०० किलोमीटर चालवून आणली. संध्याकाळी अंधार करून निळसर अतिनील दिवा लावला. खालून बघितलं तर मागच्या बाजूने हिरव्या-पिवळ्या उजेडाचा एक ओघळ वर चढत गेलेला. तो इंजिनाच्या मागच्या भिंतीवरून वर, सिलिंडरच्या व्ही आकाराच्या दोन ओळींच्या मधल्या दरीत जात होता. तिथे, अगदी तळाशी, तेल थंड करणारा ऑइल कूलर बसवलेला असतो. तेल त्या दरीत साठत होतं आणि भरलं की मागच्या बाजूने ओघळत होतं. क्रँकशाफ्टच्या सीलचा काही दोष नव्हता.

दोष होता ऑइल कूलरखालच्या रबरी सीलचा. मुठीत सहज मावतील एवढीच ती. पण तिथे पोचायचं तर हवेचे पाइप, टर्बो, सिलिंडरना हवा पोचवणारे दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड, त्यांच्या वायरी, सगळं एकेक करून बाजूला काढायचं. अडीच दिवस लागले. मी दोन्ही सुट्ट्यांच्या दिवशी तिथे होते, पाने पुसून देत होते आणि निघणारा प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढून त्याच्या जागी खोचत होते. ही पुठ्ठ्याची युक्ती कुणी कितीही अनुभवी असो, करावीच. कोणता बोल्ट लांब आणि कोणता आखूड हे तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

कूलर उचलल्यावर मिस्त्रींनी जुनं सील माझ्या तळहातावर ठेवलं. नख रुतेना. गोल असायला हवं होतं ते एका बाजूने चपटं झालं होतं, दाबलं तर काच तडकावी तसं मोडलं. अकरा वर्षं गरम तेल एका बाजूने आणि कूलंट दुसऱ्या बाजूने, आणि वरून टर्बोची धग. नवी सील वेगळ्या रबराची होती, जास्त उष्णता सोसणारी. मी त्यांना बोटाने दाबून बघितलं, लगेच पूर्ववत झाली.

इंजिन उघडलंच होतं तर आजूबाजूचं सगळं बघून घेतलं. मॅनिफोल्डमध्ये काजळी आणि तेलाचा घट्ट काळा थर होता, तो साफ केला. कूलंटचे दोन रबरी पाइप आतून फुगून भेगाळले होते, ते बदलले. आणि धातू? टर्बोचा दांडा बोटांनी हलवून बघितला, मागेपुढे खेळ जाणवला नाही. पाती धड. प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल इंजिन किती कमी-जास्त करून घेतंय ते सांगणारे आकडे स्कॅनरवर मर्यादेत होते. २,४०,००० किलोमीटरच्या पुढे गेलेलं इंजिन आणि त्यात खराब निघाल्या फक्त तळहातावर मावणाऱ्या वस्तू.

गिअरबॉक्सच्या बाबतीतही हेच दिसलं. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं असं लिहिलेलं असतं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच आपल्या गिअरबॉक्सचं तेल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगते. आमच्या गाडीत ते कधी बदलल्याची नोंद नव्हती. मिस्त्रींनी आधी तेल भरायचा बोल्ट सोडवून बघितला आणि मगच खालचा काढला. भरायचा बोल्टच निघाला नाही तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. तेल काळं आलं. खालचं प्लास्टिकचं चेंबर आणि त्यातली जाळी एकत्रच असतात, ते पूर्ण नवं घातलं. जुन्या चेंबरातल्या चुंबकांवर करडी, गंधासारखी पेस्ट होती. मी घाबरले. मिस्त्रींनी ती दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "कीस नाही, चकत्या नाहीत. ही झीज साधी आहे." पातळी मोजताना इंजिन चालू, गाडी सपाट, आणि तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांच्या मध्ये लागतं, बोल्टच्या तोंडून तेल धारेने न येता बारीक ओघळायला लागलं की भरलं.

खडबडीत रस्त्यावर पुढून येणारा ठक-ठक आवाज शेवटी घेतला. चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश फाटले होते. तोवर माझा हात थोडा बसला होता, म्हणून एका बाजूचे आर्म मीच बसवले. चाक हवेत लोंबकळत असतानाच मी बोल्ट आवळायला घेतला आणि मिस्त्री पलीकडून ओरडले, "थांबा!" बुश म्हणजे दोन धातूच्या नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. ते बेअरिंगसारखं फिरत नाही, पिळलं जातं आणि परत येतं. चाक लोंबकळताना आवळलं तर ती लोंबकळती जागा रबराची मूळ जागा ठरते, आणि गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. काही महिन्यांत फाटतं. आम्ही चाक जिथे बसतं त्या हबखाली जॅक लावला, चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत नेहमीची उंची मोजून तेवढं वर उचललं, आणि मग टॉर्क पान्याने आवळलं. त्यानंतर आधी सस्पेन्शनच्या उंचीचं कॅलिब्रेशन केलं, अलाइनमेंट त्याच्या मागून, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात.

ब्रेक, कूलंट, टायर, ट्रान्स्फर केसचं तेल, हे सगळं अधेमधे होत गेलं. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

बाबा आता पुढच्या सीटवर बसतात. गाडी थांबली की ती खाली बसवायचं बटण त्यांना माहीत झालंय, ते स्वतःच दाबतात आणि उतरतात. गेल्या महिन्यात पाच तासांचा प्रवास झाला, मधे एकदाच थांबलो.

माझी वही चालू आहे. दर रविवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, चार कोपऱ्यांच्या उंचीचे चार आकडे त्यात लिहिते. पुढचे दोन दीड वर्षात हलले नाहीत. मागचा उजवा या रविवारी ६ मिलिमीटर कमी भरला, त्याच्या आधीच्या रविवारी ३. मागच्या दोन्ही पिशव्या अजून मूळच्याच आहेत, आता १३ वर्षांच्या. साबणाच्या पाण्याची बाटली भरून ठेवली आहे.